परमवीर चक्रावर अशोकचक्र कोरू नका : माजी सैनिक कल्याण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, माजी सैनिक कल्याण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शौर्यपदकांच्या स्मारकांसाठी अधिकृत मापपत्रक काढण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

गावाच्या वेशीवर, शाळेच्या आवारात, चौकाचौकांत शौर्यस्मारके उभी राहताहेत. कुठे आमदार निधी, कुठे लोकवर्गणी. हेतू चांगलाच असतो, पण त्यावरचे पदक बऱ्याच ठिकाणी चुकलेले असते. सगळ्यात जास्त चुकते ते परमवीर चक्र, आणि चुकते ते त्याच्या नावामुळेच. नावात चक्र आहे म्हटल्यावर कारागीर बिनदिक्कत मध्यभागी चोवीस आऱ्यांचे अशोकचक्र कोरून मोकळा होतो.

पदक प्रत्यक्षात कसे आहे ते आधी सांगतो. परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र ही तिन्ही पदके २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली गेली. परमवीर चक्र कांस्याचे, गोल, १ ३/८ इंच म्हणजे सुमारे ३५ मिलिमीटर व्यासाचे. दर्शनी बाजूस मध्यभागी ‘सत्यमेव जयते’सह राजमुद्रा आणि तिच्याभोवती इंद्राच्या वज्राच्या चार आकृती. पाठीवर हिंदी आणि इंग्रजीत पदकाचे नाव, दोन्हींच्या मध्ये दोन कमळे. वर फिरती आडवी पट्टी आणि तिच्यातून गेलेली ३२ मिलिमीटर रुंदीची साधी जांभळी फीत. चक्रच शोधायचे तर ते राजमुद्रेतल्या सिंहांच्या पायाखाली आहे तेवढेच.

आता शिल्पात काय होते ते पाहा. पदक दहापट मोठे करायचे तर तबकडी ३५० मिलिमीटरची आणि फीत ३२० मिलिमीटरची हवी. म्हणजे फीत तबकडीपेक्षा जेमतेम बोटभर-दीड बोट अरुंद. आपल्याकडे ती शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या बिल्ल्यासारखी चिंचोळी करतात. वज्रांचे तर फूलच होते, कारण कारागिराच्या हातात मोबाइलवर आलेले अंधुक चित्र असते आणि त्यात वज्राची टोके पाकळ्यांसारखी दिसतात. मग फायबरवर सोनेरी रंग फासला जातो. कांस्य तपकिरी असते. सोनेरी मुलामा असतो तो अशोक चक्र या पदकाला, आणि चोवीस आऱ्यांचे चक्र व भोवती कमळांची वेलही त्याचीच. दोन पदकांची अशी भेसळ झाली की समोरच्याला कळतच नाही हा जवान शत्रूसमोर लढला की अन्यत्र. परमवीर चक्र शत्रूसमोरच्या पराक्रमासाठी असते; अशोक चक्र त्याखेरीजच्या शौर्यासाठी, आणि ते पोलिसांना व नागरिकांनाही मिळते. २६/११ नंतर तुकाराम ओंबळे यांना मिळाले ते अशोक चक्र.

फितीचा रंग चुकतो तो व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिश शौर्यपदकामुळे, असे आम्हाला वाटते. त्याची फीत किरमिजी. महाराष्ट्रात नाईक यशवंत घाडगे (इटली, १० जुलै १९४४, मरणोत्तर) आणि शिपाई नामदेव जाधव (इटली, एप्रिल १९४५) या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या वीरांना तो मिळाला. एकाच भिंतीवर दोन्ही पदके रंगवली की पेंटर एकाच डब्यातला रंग वापरतो. शिवाय काही फलकांवर ही दोन नावे ‘परमवीर चक्र विजेते’ या मथळ्याखाली येतात. व्हिक्टोरिया क्रॉस ब्रिटिश राजवटीचा. परमवीर चक्र तेव्हा जन्मालाही आले नव्हते.

तलवारीबद्दलही लिहायला हवे, जरी काहींना ते रुचणार नाही. परमवीर चक्रावर शिवरायांची भवानी तलवार आहे असे व्याख्यानांत सर्रास सांगितले जाते. पदकाच्या अधिकृत वर्णनात तलवारीचा उल्लेखच नाही. आहे ते वज्र, दधीची ऋषींच्या अस्थींपासून घडवलेले. मराठी माणसाला पदकाशी नाते सांगायचेच असेल तर त्यासाठी तलवार कशाला हवी? रचना करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर आहेतच. स्वित्झर्लंडमधल्या नॉशातेल येथे २० जुलै १९१३ रोजी जन्मलेल्या ईव्ह इव्होन मादाय द मारोस. शीख रेजिमेंटमधले अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी १९३२ साली लग्न झाले आणि त्या सावित्री झाल्या. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी पदकांच्या रचनेचे काम त्यांच्याकडे दिले. इतक्या स्मारकांत त्यांचे नाव एका ओळीत तरी यावे.

मजकुरातल्या चुका तर दगडावर गेल्या की पुसता येत नाहीत. ग्रॅनाइटची पूर्ण पाटी बदलावी लागते. नेहमीच्या चुका अशा. मेजर सोमनाथ शर्मा यांना ‘१९४७ साली परमवीर चक्र मिळाले’ असे लिहितात. काश्मीरमधल्या बडगामची लढाई ३ नोव्हेंबर १९४७ ची, पण पदकच १९५० चे. म्हणून पराक्रमाची तारीख आणि सन्मानाची तारीख वेगळ्या ओळींत लिहाव्यात. हुद्दा पराक्रमाच्या वेळचा लिहावा : राम राघोबा राणे नौशेरा-राजौरी मार्गावरचे सुरुंग आणि अडथळे काढत होते (८ ते ११ एप्रिल १९४८) तेव्हा बॉम्बे इंजिनिअर्सचे सेकंड लेफ्टनंट होते, मेजर झाले ते नंतर. त्यांचे गाव कारवारजवळचे चेंडिया, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातले. ‘महाराष्ट्रात जन्म’ असे लिहिण्यापेक्षा हे लिहिले तर कारवारकरांनाही राग यायचा नाही. पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटच्या नावातले पुणे पाहून तिच्या दोन्ही परमवीरांना पुण्याचे ठरवू नये : अरुण खेत्रपाल पुण्यात जन्मले, अर्देशिर तारापोर मुंबईत.

‘मरणोत्तर’ हा शब्द तर दोनदा तपासावा. आजवरच्या २१ परमवीरांपैकी १४ मरणोत्तर आहेत. मेजर धनसिंग थापा यांचे पदक १९६२ साली आधी मरणोत्तर म्हणूनच जाहीर झाले होते. ते युद्धकैदी आहेत हे नंतर कळले. सरकारी पातळीवर असे होऊ शकते तर गावच्या फलकाचे काय घेऊन बसलात!

एक खाच फार थोड्यांना माहीत आहे. अशोक चक्र ४ जानेवारी १९५२ रोजी वर्ग १, २, ३ असे सुरू झाले आणि २७ जानेवारी १९६७ पासून त्यांची नावे अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र झाली. त्यामुळे १९६७ पूर्वीच्या जवानाच्या कागदावर ‘अशोक चक्र वर्ग २’ असते आणि फलकावर वर्ग गळून नुसते ‘अशोक चक्र’ उरते. घरच्यांना आनंद होतो, पण नोंद चुकते. शेजारच्या गावात कीर्ती चक्र मिळालेल्या जवानाचे कुटुंब मग विचारते, आमच्या मुलाचे पदक कमी का? बरोबर नोंद अशी : ‘अशोक चक्र वर्ग २ (आताचे कीर्ती चक्र)’.

आणखी एक अडचण कायद्याची. पदकाच्या मध्यभागी राजमुद्रा असल्याने प्रतिकृतीत तीही येते आणि तिच्या वापरावर २००५ चा कायदा आहे. परवानगी कोणाकडे मागायची, लागते की नाही, हे स्मारक उभारणाऱ्या मंडळाला कोणी सांगत नाही. मग कोणी राजमुद्राच गाळतो, कोणी खालचे ‘सत्यमेव जयते’ गाळतो. ते ब्रीद नसेल तर राजमुद्रा अपुरी ठरते.

आमची मागणी खर्चाची नाही. पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाने संरक्षण मंत्रालयाशी बोलून चार पानांचे मापपत्रक काढावे. त्यात सहाही शौर्यपदकांच्या दोन्ही बाजूंची रेखाचित्रे मूळ आकारात आणि दहापट आकारात असावीत. फितींच्या रंगांना नमुन्याचा क्रमांक हवा; ‘जांभळा’ एवढे लिहून भागणार नाही, पेंटरगणिक जांभळा बदलतो. राजमुद्रेबाबत नेमके काय करायचे ते दोन वाक्यांत लिहावे. मानपत्राचा राजपत्रातला मजकूर मराठीत द्यावा. आणि शासन निर्णयात एवढे घालावे की निधी मिळण्यापूर्वी चित्र आणि मजकूर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने तपासून त्यावर सही करावी. तपासणी कागदावर असतानाच व्हावी, मूस ओतल्यावर नव्हे.

जुन्या स्मारकांतली शिल्पे तोडा असे आमचे म्हणणे नाही. चुकीच्या तारखा आणि हुद्दे दुरुस्त करणारी छोटी पितळी पट्टी खाली बसवली तरी पुष्कळ. आधी फलकांची यादी करावी लागेल. ती ग्रामसेवकांकडून फोटोसह मागवता येईल. फोटो समोरून, भर उजेडात आणि शेजारी फूटपट्टी धरून काढायला सांगावे.

आपले,
पदकांच्या इतिहासाचे काही अभ्यासक