सुनंदास पत्र : पिंजऱ्यातल्या नटाविषयी

पुणे,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय सुनंदा,

तुझं पत्र मिळालं. चार पानांतली तीन संजय दत्तवर खर्च केलीस आणि गुडघ्याचं ऑपरेशन मात्र ‘झालं एकदाचं’ एवढ्यावर उरकलंस. कॉलेजातही तुझं असंच होतं, मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या खोट्या खटल्यात, वेळ संपल्यावरच तुझा खरा मुद्दा यायचा.

१९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातले सरकारी वकील उज्ज्वल निकम, त्यांची ती मुलाखत मीही पाहिली. राज्यसभेवर नियुक्ती झाल्यावर जुलैमध्ये त्यांनी जुन्या खटल्यांच्या आठवणी सांगितल्या, त्यातली ही एक. शस्त्रास्त्र कायद्याखाली दोषी ठरल्याचं ऐकून संजय दत्त हादरला, त्याचा सगळा आविर्भावच बदलला. जवळच उभ्या असलेल्या निकमांनी त्याला हळूच सांगितलं की असं करू नकोस, तू नट आहेस, बाहेर मीडिया बघतोय, घाबरलेला दिसलास तर लोक तुला गुन्हेगार समजतील, अपिलाची संधी आहे तुला. तो ‘हो सर’ म्हणाला आणि गप्प झाला. यावरून तू निष्कर्ष काढलास की ‘बघ, कोर्टातसुद्धा नाटकच चाललं होतं, सरकारी वकीलच दिग्दर्शक!’

मला तर तीच गोष्ट उलटी दिसते. नाटक चालू असतं तर त्याला सूचना द्यायची वेळच आली नसती. तो क्षणभर साधा आरोपी झाला होता म्हणून तर शेजारच्याला त्याला नटपणाची आठवण करून द्यावी लागली. आपल्या शिवाजीनगर कोर्टात मी हे किती वेळा पाहिलंय. निकालाचं वाचन सुरू असतं, इंग्रजीत, भरभर. आरोपीला कळत नाही. मग कुणीतरी मागून सांगतं, ‘दोषी धरलंय रे.’ आणि त्याचे हात पिंजऱ्याच्या कठड्यावर काहीतरी शोधायला लागतात. चोरीतला असो, चारशेवीसमधला असो, हात तेच करतात.

पण मला खटकली ती दुसरी गोष्ट, आणि ती तुझ्या पत्रात नाही. तेरा-चौदा वर्षं चाललेल्या खटल्यात, २५७ माणसं मेलेली असताना, सरकारी वकिलालाही निकालाच्या क्षणी पहिली चिंता पडली ती आरोपी बाहेर कसा दिसेल याची. निकमांना दोष देत नाही मी. त्यांना बाहेरचं जग चांगलं कळतं, एवढंच म्हणते. कसाबच्या बिर्याणीचं तुला आठवत असेलच. राखीपौर्णिमेच्या दिवशी कसाबनं कोर्टात मान खाली घालून डोळे पुसले, आणि चॅनेलवाल्यांनी लगेच चर्चा सुरू केली की त्याला बहिणीची आठवण आली असेल का. निकमांनी बाहेर येऊन सांगितलं की त्यानं मटण बिर्याणी मागितलीय. वातावरण फिरलं. २०१५ साली जयपूरच्या एका परिषदेत त्यांनी स्वतःच कबूल केलं की बिर्याणी त्यांनी रचलेली होती, कसाबनं ती मागितली नव्हती आणि कुणी दिलीही नव्हती. कसाबला तोवर येरवड्यात फाशी होऊन दोन वर्षं उलटून गेली होती. तरी अजूनही रिक्षावाल्यापासून आमदारापर्यंत कुणालाही विचार, बिर्याणीच आठवते. एका आरोपीचा चेहरा सावरायचा, दुसऱ्याच्या चेहऱ्यावर उतारा द्यायचा, आणि दोन्ही वेळा वकील एकच. दोन्ही वेळा पुराव्याचा संबंध शून्य.

आता तुझा मुख्य आरोप. तुझं म्हणणं, तो नम्र राहिला, हात जोडले, रडला, म्हणून कमी शिक्षेवर सुटला. सुनंदा, तू विधी महाविद्यालयात शिकवतेस, मुलांना असं सांगू नकोस बाई. या खटल्यांच्या वेळच्या दंड प्रक्रिया संहितेतलं कलम २८० आठवतंय? न्यायाधीशानं साक्षीदाराच्या वर्तनाबद्दल शेरा नोंदवावा असं ते सांगायचं. साक्षीदाराच्या! आरोपीची जागा कलम ३१३ च्या जबाबात, आणि शिक्षेवर म्हणणं मांडायची संधी कलम २३५ मध्ये. त्यानं डोळे पुसले की ताठ उभा राहिला याची नोंद ठेवायला रकानाच नाही.

दत्तचं प्रकरण बघ. एप्रिल १९९३ मध्ये मॉरिशसहून परतल्यावर विमानतळावर अटक. पोलिसांसमोर टाडाखालचा, म्हणजे तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याखालचा, कबुलीजबाब, जो नंतर त्यानं मागे घेतला. त्यातली हकिगत अशी की जानेवारी १९९३ मध्ये तीन एके-५६ घरी आल्या, दोन परत गेल्या, एक ठेवून घेतली, आणि नाव बाहेर फुटतंय म्हटल्यावर परदेशातून फोन करून ती नष्ट करायला सांगितली. नोव्हेंबर २००६ मध्ये टाडा न्यायालयाचे न्यायाधीश कोडेसाहेबांनी त्याला टाडातून मोकळं केलं आणि शस्त्रास्त्र कायद्याखाली दोषी धरलं. कारण दिलं स्वसंरक्षणाचं. शहर डिसेंबर-जानेवारीच्या दंगलीत होरपळलेलं होतं आणि वडील खासदार म्हणून दंगलग्रस्तांत काम करत होते, घरी धमक्या येत होत्या. ३१ जुलै २००७ ला सहा वर्षं सक्तमजुरी. २१ मार्च २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं ती पाचवर आणली. प्रतिबंधित शस्त्राला कायद्यातली किमान शिक्षाच तेव्हा पाच वर्षांची होती. म्हणजे तळ गाठला, त्याच्याखाली एकच वाट होती, प्रोबेशनची, म्हणजे चांगल्या वर्तनाच्या हमीवर तुरुंगाऐवजी सोडून देण्याची, आणि गुन्हा गंभीर आहे म्हणून तीही त्याला मिळाली नाही. अश्रूंनी यातलं काय हलवलं?

हलवलं ते बाहेर. तिथे मात्र तुझ्याशी सहमत.

तुला आठवतं, १९९३ च्या ऑगस्टमध्ये ‘खलनायक’ लागला होता. बॉम्बस्फोटांना पाच महिने झालेले. दादरचं प्लाझा त्या स्फोटांतलं एक ठिकाण, आणि प्लाझा म्हणजे आपल्या मराठी माणसाचं थिएटर. त्याच शहरात, त्याच खटल्यात अटक होऊन जामिनावर आलेला नट, पडद्यावर गुन्हेगार, आणि तिकिटांसाठी रांगा. माझे काका तेव्हा परळला राहायचे, सकाळी या माणसाला भर चौकात फटके द्यायला हवेत म्हणायचे आणि संध्याकाळी ब्लॅकनं तिकीट मिळतंय का ते बघायचे. त्यांना यात काही विसंगत वाटत नसे. १९९४ च्या जुलैत जामीन रद्द होऊन तो परत आत गेला, तेव्हा ‘बरं झालं’ म्हणणारे भरपूर होते. मग बाळासाहेबांनी बाजू घेतली, सुनील दत्त काँग्रेसचे असूनही. ऑक्टोबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून जामीन झाला तेव्हा हवा पुरती बदललेली होती. या सगळ्यात पुराव्याचा एक कागदही बदलला नव्हता.

आणि २००६. सप्टेंबरात ‘लगे रहो मुन्नाभाई’ लागला, नोव्हेंबरअखेर निकाल. गांधीगिरीची लाट अशी की लोक भ्रष्ट अधिकाऱ्यांना गुलाब पाठवत होते. त्या लाटेत कोर्टाचं वाक्य आलं की हा दहशतवादी नाही. लोकांनी तेवढंच ऐकलं. दोषी ठरलाय हे वाक्याच्या पुढच्या भागात होतं, तिथपर्यंत कुणी थांबलंच नाही. मुन्नाभाई सुटला, असंच म्हणत होते आमच्या बाररूममध्येसुद्धा, आणि ती वकील मंडळी!

कोडेसाहेबांचं ते ग्रेगरी पेकचं बोलणंही त्यातलंच. सहा वर्षं सुनावल्यावर ते त्याला म्हणाले की खचू नकोस, अजून पुष्कळ वर्षं काम करायचंय तुला, ‘मॅकेनाज गोल्ड’मधल्या ग्रेगरी पेकसारखं. मला ते वाचून तेव्हा राग आला होता. आज तितका येत नाही. शंभर दोषींना शिक्षा सुनावण्याचं काम मे महिन्यापासून चाललं होतं, बारा जणांना फाशी सांगून झाली होती, आणि हा शेवटच्या दिवसाचा. इतक्या वर्षांच्या तारखांमध्ये समोर रोज उभा राहणारा माणूस न्यायाधीशाच्याही ओळखीचा होतोच. पण विचार कर, त्या शंभरांतल्या कुणा चालकाला, मच्छीमाराला धीर द्यायला न्यायाधीशाच्या तोंडी कुठल्या नटाचं नाव आलं असतं?

इथे मला जैबुन्निसा काझी आठवते. सत्तरीची आजारी बाई. दत्तच्या घरून निघालेल्या शस्त्रांपैकी काही तिच्या घरी ठेवली गेली, असा तिच्यावरचा आरोप. पिशवीत काय आहे हे मला माहीत नव्हतं, असं ती सांगत राहिली. तिला टाडा लागला, त्याखाली पाच वर्षं, आणि सर्वोच्च न्यायालयातही तो टिकला. दत्तच्या टाडातल्या सुटकेविरुद्ध सीबीआयनं अपीलच केलं नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती काटजूंनी दत्तच्या माफीचा मुद्दा काढला आणि तिच्यासाठीही मागणी केली, तेव्हा कुठे तिचं नाव पेपरात आलं. ती कोर्टात कशी उभी राहायची, रडायची की नाही? मी शोधलं, कुणी लिहिलेलंच नाही. तिचा चेहरा वाचायला कुणी आलंच नव्हतं. तू म्हणतेस तो अभिनय करून सुटला. मी म्हणते अभिनय केला असेल किंवा नसेल, पण त्याला प्रेक्षक होते. तिनं जगातला सर्वोत्तम अभिनय केला असता तरी समोर खुर्च्या रिकाम्या होत्या.

मार्च २०१३ ची ती घराबाहेरची पत्रकार परिषद तू ‘मेलोड्रामा’ म्हणतेस. बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला तो, हे खरं. पण त्यानं काय सांगितलं तेही बघ. मी माफी मागणार नाही, माझ्यापेक्षा माफीला लायक अनेकजण आहेत, मी शरण जाणार. अठरा महिने आधीच भोगलेले होते, साडेतीन वर्षं उरलेली. आणि १६ मेला गेलाही. टाडा कोर्टाबाहेर इतकी झुंबड की त्याला गाडीतून उतरता येईना. आत घरचं जेवण, गादी-उशी, औषधं मागितली, ती मिळाली. इलेक्ट्रॉनिक सिगारेट मागितली, ती नाकारली. माझ्या अशिलाला साध्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी तीन तारखा लागल्या होत्या, म्हणून ते वाचून मी पेपर बाजूला ठेवला. तुझा राग इथे ठेव, मी तुझ्या शेजारी बसते.

कारण वर्तनाला खरी किंमत येते ती शिक्षेनंतर. ऑक्टोबर २०१३ मध्ये चौदा दिवसांची संचित रजा (फर्लो), ती आणखी चौदा दिवस वाढली. डिसेंबरात बायकोच्या आजारपणासाठी अभिवचन रजा (पॅरोल), तीही वाढली. येरवड्याबाहेर निदर्शनं झाली. रजा कायद्यात आहेत, सगळ्या कैद्यांना आहेत. पण इथल्या कैद्यांच्या घरच्यांना विचार, अर्ज कुठल्या टेबलावर किती दिवस पडून राहतो ते. फेब्रुवारी २०१६ मध्ये चांगल्या वर्तणुकीची सूट धरून तो सुमारे आठ महिने लवकर सुटला. आत कागदी पिशव्या करायचा. बाहेर पडताना जमिनीला हात लावला, तिरंग्याला सलाम केला, आणि कॅमेरे तयारच होते. उच्च न्यायालयानं पुढे तपासून सांगितलं की लवकर सुटकेत बेकायदा काही नाही. मला ते पटतं. मला फक्त बाकीच्या कैद्यांची आठ महिन्यांची फाईलही तितक्याच वेगानं सरकलेली पाहायचीय.

आणि तू साक्षीदारांबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस, म्हणून सलमानच्या खटल्यातल्या रवींद्र पाटीलबद्दल थोडं. मुंबई पोलिसांतला शिपाई, सलमानचा अंगरक्षक, २००२ च्या अपघाताची फिर्याद त्याचीच. पुढे तारखांना आला नाही म्हणून त्यालाच अटक झाली, नोकरी गेली, २००७ मध्ये क्षयानं शिवडीच्या रुग्णालयात गेला. मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयानं पाच वर्षं सुनावली तेव्हा सगळ्या चॅनेलवर सलमानच्या पाणावलेल्या डोळ्यांची चर्चा होती. डिसेंबरात उच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं, आणि पाटीलची साक्ष पूर्णपणे विश्वासार्ह नाही असं म्हटलं. बाकी निकालावर आपण दोघी समोरासमोर भांडू, पत्रात नको. पण ज्याचं वर्तन तपासायला कायदा सांगतो तो माणूस हा होता, आणि त्याच्या चेहऱ्याचं कुणालाच काही पडलं नव्हतं.

पुढच्या वेळी वर्गात हा खटला घेशील तेव्हा मुलांना मुलाखत दाखवू नकोस, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातला दत्तवरचा आणि काझीवरचा भाग शेजारी शेजारी ठेवून वाचायला दे. मग विचार त्यांना, टाडा कुणाला आणि का. माझ्याकडे छापील प्रत आहे, खुणा केलेली. हवी तर पाठवते, पण कॉफीचे डाग चालवून घे.

दिवाळीत नाशिकला येतेय. तोवर जिने चढू नकोस, आणि फिजिओथेरपी बुडवू नकोस. अण्णांना माझा नमस्कार सांग.

तुझी,
माधुरी