कॉलवर गप्प बसता येत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

'व्हिडिओ कॉल आहे ना, मग प्रत्यक्ष भेटायलाच कशाला पाहिजे' असं हल्ली सगळीकडे ऐकतो म्हणून लिहितोय.

माझा मोठा भाऊ सहा महिने अंथरुणावर होता, मी लांब, त्यामुळे रोज रात्री कॉल. तो नसता तर भावाचा आवाजही कानावर पडला नसता, ज्यांना जाणं शक्यच नाही त्यांना तर तो मोठाच आधार आहे. पण त्याला भेट म्हणू नये असं मला मनापासून वाटतं. कॉलवर भाऊ कायम बराच दिसायचा. गेलो तेव्हा कळलं, कॉल लागायच्या आधी वहिनी पाठीला उशा लावून त्याला बसवायची आणि थरथरणारा डावा हात तो चादरीखाली ठेवायचा. खोटं बोलत नव्हता तो, मला जेवढं दिसणार तेवढंच नीट आवरून ठेवत होता.

आणि गप्प बसणं! कॉलवर दोन सेकंद शांतता झाली की लगेच 'आवाज येतोय का?' माणसं बोलताना एकाचं संपलं की दुसरा साधारण 200 मिलीसेकंदांत सुरू करतो, हे वेगवेगळ्या भाषांत मोजलेलं आहे, नेटवर आवाज पोचायलाच कधीकधी तेवढा वेळ जातो, मग दोघं एकदम बोलतात, मग 'तू बोल, तू बोल'. नजरेचंही तसंच, त्याच्या डोळ्यांत बघितलं तर त्याला मी खाली बघतोय असं दिसतं, कॅमेऱ्यात बघितलं तर तो मला दिसत नाही. खाटेशेजारी मात्र आम्ही तासभर काही न बोलता बसलो आणि दोघांनाही काही बिघडलंय असं वाटलं नाही.

मेर्लो-पोन्ती (1908 ते 1961) या फ्रेंच तत्त्वज्ञाने स्पर्शावर खूप विचार केला, आपण ज्याला हात लावतो त्याचाही स्पर्श आपल्याला होतोच, हे एकतर्फी होतच नाही. वाचलं तेव्हा डोक्यावरून गेलं होतं. स्क्रीनवर मला कॅमेरा बंद करून त्याला बघता यायचं, म्यूट करून रडता यायचं, आणि तसं मी केलंयही. त्या दिवशी त्याचा तो डावा हात मी हातात घेतला, म्हटलं धीर द्यावा, तर माझीच बोटं गार पडलेली त्याला कळली आणि तोच म्हणाला, 'घाबरलास काय रे?'

सहा महिन्यांच्या कॉलमध्ये हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

– एक वाचक