टप्पा कोणी जिंकला, एवढ्याने शर्यत कळत नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी जुलैमध्ये टूर दी फ्रान्स सुरू असते, तेव्हा आपल्या दैनिकाच्या क्रीडापानावर तळाच्या कोपऱ्यात दोन-तीन ओळींचा मजकूर येतो. अमुक देशाच्या अमुक सायकलपटूने बारावा टप्पा जिंकला, त्याला इतके तास आणि इतकी मिनिटे लागली, असे त्यात असते. या ओळींत चुकीचे काही नसते, पण त्या वाचून शर्यतीत काय चालले आहे हे कोणालाही कळणार नाही. गेली अनेक वर्षे या शर्यती आवडीने पाहणारा वाचक म्हणून याविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटले.

टूर दी फ्रान्स, इटलीची जिरो दितालिया आणि स्पेनची वुएल्ता या तिन्ही मोठ्या शर्यती तीन आठवडे चालतात. प्रत्येकीत २१ टप्पे असतात, आणि सर्व टप्प्यांची मिळून ज्याची वेळ सर्वांत कमी भरते तो विजेता ठरतो. सपाटीच्या टप्प्यात एकाच जथ्यातून शेवटची रेषा ओलांडणाऱ्या सर्वांना सारखीच वेळ दिली जाते. पहिल्या तिघांना बक्षीस म्हणून काही सेकंदांची सूट मिळते, तेवढाच काय तो फरक. त्यामुळे त्या दिवशीचा विजेता एकूण क्रमवारीत शंभरावा असू शकतो, आणि ज्याच्या अंगावर विजेत्याची जर्सी चढणार तो त्या दिवशी चाळिसावा आलेला असू शकतो. आणखी पुढची गोष्ट अशी की एकही टप्पा न जिंकता संपूर्ण शर्यत जिंकता येते. १९९० मध्ये ग्रेग लेमाँडने, २०१७ मध्ये ख्रिस फ्रूमने आणि २०१९ मध्ये एगान बर्नालने टूर अशीच जिंकली. ज्या वाचकाने ती तीन वर्षे रोजच्या टप्प्याच्या विजेत्याचे नाव तेवढे वाचले असेल, त्याला विजेत्याचे नाव थेट शेवटच्या दिवशी, तेही कुठून आले याचा पत्ता नसताना, समोर आलेले दिसले असणार.

२०२५ च्या जिरोचा विसावा टप्पा हे याचे उत्तम उदाहरण आहे. निकालाच्या भाषेत सांगायचे तर ऑस्ट्रेलियाच्या ख्रिस हार्परने सेस्त्रिएरे येथे संपणारा तो टप्पा जिंकला. हार्परची कामगिरी मोठीच होती, परंतु तो दिवस हार्परचा नव्हता. टप्पा सुरू झाला तेव्हा आघाडीवीराची गुलाबी जर्सी मेक्सिकोच्या तरुण इसाक देल तोरोकडे होती, इक्वेडोरचा रिचर्ड कारापाझ दुसरा होता आणि ब्रिटनचा सायमन येट्स १ मिनिट २१ सेकंदांनी मागे, तिसरा. वाटेत कोल्ले देल्ले फिनेस्त्रे हा घाट होता. त्याची लांबी साडेअठरा किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या घाटरस्त्याच्या जवळपास दुप्पट, चढ सरासरी नऊ टक्क्यांहून अधिक, माथा २१७८ मीटरवर, आणि वरचे सुमारे आठ किलोमीटर डांबर नाही, नुसती खडी. याच घाटावर २०१८ मध्ये येट्सने अंगावरची गुलाबी जर्सी गमावली होती आणि त्या एका दिवसात तो ३८ मिनिटांहून अधिक मागे पडला होता.

घाट सुरू होताच कारापाझने जोर केला आणि देल तोरो त्याच्या चाकाला चिकटून राहिला. येट्स मागून आला, त्याने पुन्हा पुन्हा वेग वाढवला आणि एका क्षणी तो सुटला तो सुटलाच. मागे राहिलेल्या दोघांची अडचण मोठी चमत्कारिक होती. येट्सचा पाठलाग करायचा तर कोणीतरी पुढे राहून वारा अंगावर घ्यायला हवा, आणि जो वारा घेणार तो थकणार. जर्सी देल तोरोची आहे तर पाठलाग त्यानेच करावा असा कारापाझचा हिशेब, आणि आपण दमलो तर कारापाझ पुढे निघून जाईल ही देल तोरोची धास्ती. दोघे एकमेकांकडे पाहत राहिले आणि दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ झाला.

तरीही फिनेस्त्रे उतरल्यावर दरीतल्या रस्त्यावर एकट्या येट्सला गाठणे अशक्य नव्हते. इथे त्याच्या संघाने सकाळीच करून ठेवलेली तजवीज कामी आली. बेल्जियमचा वाउट वान आर्ट हा त्याचा सहकारी टप्प्याच्या सुरुवातीला पुढे निसटलेल्या तुकडीत शिरला होता, पण तो टप्पा जिंकण्यासाठी नव्हे. घाट आधी पार करून तो पुढे येट्ससाठी थांबला, आणि मग स्वतः वारा अंगावर घेत, जीव तोडून, त्याने येट्सला दरीतून ओढून नेले. सकाळी १ मिनिट २१ सेकंदांनी मागे असलेला येट्स संध्याकाळी ३ मिनिटे ५६ सेकंदांनी पुढे होता. एकही टप्पा न जिंकता जिरो त्याची झाली. वान आर्टचे नाव टप्प्याच्या पहिल्या तिघांत नव्हते, म्हणजे आपल्या दोन ओळींत ते कधीच आले नसते.

हा सगळा खेळ वाऱ्यावर उभा आहे, हे एकदा ध्यानात आले की बाकीचे आपोआप उलगडते. पुढच्याच्या चाकामागे राहणाऱ्याला कितीतरी कमी ताकद लावावी लागते. म्हणून आठ जणांच्या संघातले सात जण एकासाठी राबतात, मागच्या मोटारीकडे जाऊन जर्सीत बाटल्या कोंबून पुढे आणतात आणि त्या एकाचे चाक पंक्चर झाले तर स्वतःचे काढून देतात. २०२२ च्या टूरमध्ये गालिबिए आणि ग्रानाँ या घाटांच्या टप्प्यावर प्रिमोझ रोग्लिचने आघाडीवर असलेल्या तादेय पोगाचारवर हल्ल्यांमागून हल्ले केले. त्या दिवशी रोग्लिच स्वतः बराच मागे पडला, पण पोगाचार दमला आणि रोग्लिचच्याच संघातल्या योनास विंगेगोरने टप्प्यासह आघाडीवीराची पिवळी जर्सी मिळवली. वैयक्तिक विजेत्याचे नाव छापून असला सांघिक खेळ वाचकापर्यंत पोहोचत नाही.

आता यात वृत्तपत्राने एवढे मनावर का घ्यावे, असे कोणी म्हणेल. त्याला माझे उत्तर असे की ही शर्यत मुळात वृत्तपत्रांनीच जन्माला घातली आहे. आंरी देग्रांज संपादक असलेल्या 'ल'ओतो' या फ्रेंच क्रीडा दैनिकाने प्रतिस्पर्धी 'ल वेलो'वर मात करण्यासाठी १९०३ मध्ये पहिली टूर भरवली. सहा टप्पे, २४२८ किलोमीटर, आणि पॅरिसहून निघालेले ६० सायकलपटू. टप्पे इतके लांब होते की सायकलपटू रात्रभर पायडल मारत असत, आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला क्षणभर दिसून अंधारात नाहीसे होत. आधी काय झाले आणि पुढे काय झाले हे जाणून घ्यायला दुसऱ्या दिवशीचा अंक विकत घेण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि त्या दैनिकाचा खप दुपटीहून अधिक वाढला. त्याचा कागद पिवळा होता, आणि १९१९ मध्ये आघाडीवीरासाठी आलेली जर्सीही पिवळीच. १९०९ मध्ये जिरो सुरू केली ती 'ला गाझेत्ता देल्लो स्पोर्त' या गुलाबी कागदावर छापल्या जाणाऱ्या इटालियन दैनिकाने. वुएल्ताही १९३५ मध्ये एका माद्रिदच्या दैनिकाने सुरू केली. धंद्याचा मतलब होताच, तो कोणी लपवलाही नाही. पण बहुटप्पी शर्यत ही डोळ्यांनी पूर्ण दिसत नाही, ती कोणीतरी सांगावी लागते, हे त्या संपादकांनी बरोबर ओळखले होते.

पुणेकरांना याचा प्रत्यय जानेवारी २०२६ मध्ये घरच्या अंगणात आला. १९ ते २३ जानेवारी या काळात प्रोलॉग ही सलामीची छोटी फेरी आणि चार टप्पे मिळून ४३७ किलोमीटरची पुणे ग्रँड टूर झाली. यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या २.२ या बहुटप्पी शर्यतींच्या श्रेणीची ही शर्यत होती आणि बऱ्याच देशांचे व्यावसायिक सायकलपटू आपल्या रस्त्यांवर उतरले. प्रोलॉगमध्ये सायकलपटू एकेकटे सुटतात, त्यामुळे शहरातल्या लोकांना निदान कोण किती वेगात गेला एवढे उमगले. पुढच्या टप्प्यांत मात्र रस्त्याकडेला मोठी मौज झाली. पोलिसांच्या मोटारसायकली गेल्या, शिट्ट्या वाजल्या, मागून दोन-चार सायकलपटू खाली मान घालून सपकन निघून गेले. काही वेळ रस्ता रिकामा. मग लांबून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरघर ऐकू आली आणि शंभरावर सायकली, खांद्याला खांदा लावून, अर्ध्या मिनिटात समोरून गेल्या. त्यांच्यामागे टपांवर जादा सायकली लादलेल्या संघांच्या मोटारी. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी विचारले, "म्हणजे ते पुढे गेले ते जिंकणार का?" बहुधा नाही, असे मी म्हणालो. त्यावर त्यांनी दिलेला कटाक्ष पाहता त्यांना माझ्या ज्ञानाविषयीच शंका आली असावी! पण पुढे निसटलेल्यांना शेवटच्या काही किलोमीटरांत जथा कसा गाठतो, जथ्यातले आघाडीचे संघ त्यांना मुद्दाम किती अंतर घेऊ देतात, हे त्यांनी कुठे वाचलेले असणार? त्या आठवड्यात आपल्या अंकांत कोणते रस्ते किती वाजेपर्यंत बंद, वाहतूक कुठून वळवली आणि कुठले खड्डे अचानक बुजले याचा मजकूर भरपूर होता. तो हवाच होता. शर्यतीचा मजकूर त्याच्या तुलनेत फार थोडा होता, एवढेच म्हणणे आहे.

अपेक्षा फार मोठी नाही. टप्प्याच्या विजेत्याबरोबर एकूण क्रमवारीतले पहिले पाच जण आणि त्यांच्यातले अंतर छापावे, आणि आदल्या दिवशीच्या तुलनेत कोणाचे किती सेकंद कमी-जास्त झाले ते सांगावे. सेकंदांना या खेळात काय मोल आहे, हे १९८९ च्या टूरने दाखवून दिले आहे. शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस या साडेचोवीस किलोमीटरच्या टाइम ट्रायलला, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याच्या टप्प्याला, निघताना लोरां फिन्याँ ५० सेकंदांनी पुढे होता, आणि तीन आठवड्यांची शर्यत तो ८ सेकंदांनी हरला. दुसऱ्या दिवशीच्या टप्प्याचा चढउताराचा आलेखही हवा. दोन स्तंभांत मावेल एवढी रेघ, तिच्यावर घाटांची नावे आणि उंची, तेवढे पुरे. दर रविवारी सिंहगड किंवा दिवे घाट चढणारे शेकडो पुणेकर ती रेघ पाहून टूरमधला तुर्मालेचा घाट म्हणजे काय प्रकार आहे हे ताडतील. मुंबई–पुणे सायकल शर्यतीतला 'घाटाचा राजा' कोण, याविषयी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चर्चा होते, त्यामुळे घाटावर शर्यत फुटते हे नव्याने पटवून द्यावे लागणार नाही. आणि शेवटी एक परिच्छेद, त्या दिवशी कोणत्या संघाने काय डाव टाकला आणि कोण कोणासाठी राबला याचा. हा परिच्छेद लिहिणे सर्वांत अवघड आहे, पण वाचायला मिळाला तर लोक तोच आधी वाचतील.

मराठी वाचकाला एवढा धीर नाही, हा आक्षेप मला मान्य नाही. हाच वाचक पाच दिवसांच्या कसोटी सामन्यातले एकेक सत्र चवीने वाचतो, आणि तिथे दिवसअखेरची धावसंख्या तेवढी छापून क्रीडापान मोकळे झाले तर तो आपल्याला पत्रे लिहून भंडावून सोडेल. क्रिकेटचे पान कमी करा असे मी म्हणत नाही, ते माझ्याही घरात कोणी खपवून घेणार नाही. डोपिंगची बदनामी हाही आक्षेप असू शकतो. मात्र २०१२ मध्ये लान्स आर्मस्ट्राँगची टूरची सात विजेतेपदे काढून घेतली गेली तेव्हा या खेळाला आपल्या पानांवर जी जागा मिळाली, तिच्या चतुर्थांश जागेत वरचे सगळे बसते.

पुण्यात पुन्हा अशी शर्यत झाल्यास वृत्तपत्राकडून आणखी एक गोष्ट व्हायला हवी. कुठे उभे राहावे हे आधी सांगावे. सपाट रस्त्यावर अर्ध्या मिनिटात संपणारा देखावा घाटात बराच वेळ चालतो, कारण तिथे जथा विस्कटतो आणि एकेक चेहरा दिसतो. आणि कसे उभे राहावे हेही सांगावे. २०२१ च्या टूरमध्ये पहिल्याच टप्प्यावर एका प्रेक्षकाने कॅमेऱ्यासमोर पुठ्ठ्याचा फलक धरण्यासाठी रस्त्यात पाऊल टाकले, टोनी मार्टिन त्यावर आदळला आणि मागचा निम्मा जथा एकमेकांवर कोसळला. मोबाइल उंचावून रस्त्यात घुसण्याची हौस आपल्याकडे काही कमी नाही. पालखी सोहळ्याचे मार्ग, मुक्काम आणि वेळा आपण दरवर्षी नकाशासह छापता, त्यामुळे असा मजकूर आपल्या संपादकीय विभागाला जड जाण्याचे कारण नाही.

युरोपातल्या या शर्यती मे महिन्यात जिरोने सुरू होतात आणि सप्टेंबरमध्ये वुएल्ताबरोबर संपतात. उन्हाळ्यात तिकडची घड्याळे आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात. बहुतेक टप्पे तेथील संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठ-नऊपर्यंत संपतात. शहर आवृत्तीचे क्रीडापान लावायला घेण्यापूर्वी क्रमवारी आणि अंतरे हाती येतात. येत्या हंगामात एका शर्यतीपुरता तरी हा प्रयोग करून पाहावा, ही विनंती.

आपला,
एक सायकलप्रेमी वाचक,
धायरी, पुणे