सेल्फचा आवाज आधी ऐका

महोदय,

गणपती जवळ आले की मुंबई-गोवा महामार्गावरच्या खड्ड्यांवर आणि कोंडीवर पत्रांचा पाऊस पडतो. ती गाऱ्हाणी खरीच आहेत. पण कडेला बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांबद्दल कोणी लिहीत नाही. मी एस.टी.च्या आगारात इलेक्ट्रिशियन होतो. आता पोलादपुरात हायवेला लागूनच घर आहे, त्यामुळे ही मंडळी मेकॅनिकची चौकशी करायला आमच्याच अंगणात येतात. चहासाठी थांबवलेली गाडी पुन्हा चालू होत नाही, ही नेहमीची तक्रार. आणि ‘काका, बॅटरी गेली’ हे निदान घरूनच ठरवून आणल्यासारखे.

मी विचारतो, सेल्फ मारल्यावर, म्हणजे किल्ली फिरवल्यावर किंवा बटण दाबल्यावर, आवाज कसा येतो? या प्रश्नाला सरळ उत्तर फार थोडे जण देतात. पन्नास किलोमीटरवरच्या गॅरेजला फोन झालेला असतो, आवाज मात्र कोणी ऐकलेला नसतो.

निम्मे काम त्या आवाजातच होते. भराभर कट-कट-कट वाजत असेल तर स्टार्टरला, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरला, करंट पुरत नाही. बॅटरी उतरली असेल किंवा टर्मिनल, म्हणजे बॅटरीवरचा वायरचा जोड, सैल असेल. हेडलाइट लख्ख आहेत आणि एकदाच ‘टक’ होऊन सगळे गप्प, तर संशय स्टार्टरवर. काहीच आवाज नाही पण डॅशबोर्ड नीट पेटला आहे, तर आधी स्वतःच्या पायाकडे आणि गिअरकडे बघा. हल्लीच्या बऱ्याच गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ घेत नाहीत, आणि ऑटोमॅटिक गाडी लिव्हर ‘पी’ किंवा ‘एन’वर नसेल तर हूं की चूं करत नाही. बटणाच्या गाडीत किल्लीतला नाण्याएवढा सेल संपला, तर बऱ्याच गाड्यांत तीच किल्ली बटणाला टेकवून धरली की काम होते. हे गाडीबरोबरच्या पुस्तकात छापलेले असते. ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकमध्ये जसेच्या तसे असते, ही गोष्ट वेगळी.

इंजिन जोरात फिरते आहे पण पकडत नाही, तेव्हा बॅटरीच्या नावाने बोटे मोडू नयेत, ती आपले काम करते आहे. डिझेल-पेट्रोलचा काटा पाहा, डॅशबोर्डवर किल्लीचे किंवा कुलपाचे चित्र लुकलुकते का ते पाहा; तसे असेल तर गाडीने किल्ली ओळखलेली नसते. पाच-दहा सेकंदांच्या वर सलग सेल्फ मारू नका आणि मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर धडधाकट बॅटरीही उतरते.

गेल्या पावसाळ्यात ठाण्याचे एक कुटुंब असेच अडकले होते. वायपर मध्येच थांबत होते, सेल्फ कट-कट वाजत होता. फोनवरच्या गॅरेजवाल्याने गाडी न बघताच टोइंग आणि नवी बॅटरी, दोन्हींचा आकडा सांगून ठेवला होता. मी प्लस टर्मिनलवरची लाल टोपी उचलली. खाली हिरवट-पांढरा बुरा साचलेला, आणि वायर धरून ठेवणारा क्लॅम्प दोन बोटांनी गरगर फिरत होता. आधी मायनस सोडवली, मग प्लस. शेजारच्या टपरीवरून किटलीभर गरम पाणी आणून बुरा धुतला, पुसून कोरडे केले, पॉलिश पेपर मारला आणि दहा नंबरच्या पान्याने क्लॅम्प आवळला. गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. गाडीमालक इंजिनिअर होते. त्यांच्या गाडीत दोन पॉवर बँक होत्या, पाना एकही नव्हता.

मदतीला धावणारेही घोळ घालतात. ऑटोमॅटिक गाडीला सहा जण धक्का मारताना मी पाहिले आहेत. ती धक्क्याने चालू होत नाही, ढकलणाऱ्यांचा दम तेवढा जातो. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून करंट घ्यायच्या जंपर केबल लावताना लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि शेवटचे टोक लावताना ठिणगी उडते, म्हणून हा क्रम.

पाण्यातून नेताना गाडी बंद पडली असेल, तर मात्र आवाज ऐकण्यापुरताही सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, पिस्टनला जोडलेला दांडा (कनेक्टिंग रॉड) वाकतो आणि इंजिन खोलावे लागते. महाडला पुराचे पाणी ओसरल्यावर ‘एकदा मारून बघू’ म्हणणाऱ्यांनी हा खर्च भरलेला आहे. तेव्हा गाडी ओढूनच न्यावी. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी 1033 हा क्रमांक आहे.

यातले काहीच अवघड नाही, मग गाडी शिकताना का सांगत नाहीत? केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 31 मध्ये ड्रायव्हिंग स्कूलचा अभ्यासक्रम आहे. त्यात वाहनाची यंत्रणा आणि दुरुस्ती असा स्वतंत्र भाग आहे, पण खासगी गाडी शिकणाऱ्यांसाठी नेमलेल्या भागांत तो धरलेला नाही. त्यांना किमान दहा तास गाडी चालवायला द्यायची, हे बंधन मात्र आहे. हा भाग त्यांनाही लागू करावा, यासाठी राज्याच्या परिवहन विभागाने केंद्राकडे पाठपुरावा करावा, अशी माझी मागणी आहे. तोपर्यंत आमच्या रायगड-रत्नागिरीतल्या स्कूलवाल्यांनी आपणहून अर्धा तास बोनेट उघडून दाखवले, तर त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

– एक निवृत्त एस.टी. कर्मचारी, पोलादपूर (जि. रायगड)