वडिलांना वेडं न ठरवता मला माझा वाटा मिळवून देणाऱ्या वकील मॅडमना

आदरणीय मॅडम,

स. न. वि. वि.

माझं नाव कुठे येऊ देऊ नका, असं तुम्ही बजावलंत, म्हणून नाव लिहीत नाही. पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. आज कुठल्या तरी घरात तेराव्यानंतर एखाद्या लेकीसमोर हक्कसोडपत्र ठेवलेलं असेल आणि ‘सही कर, माहेर तुटायला नको’ असं तिला सांगितलं जात असेल. तिच्यापर्यंत हे पोचावं.

तीन एकर जमीन मिळाली त्याबद्दल आभार आहेतच. पण त्या जमिनीसाठी मला कोर्टात उभं राहून ‘माझे वडील भ्रमिष्ट होते’ असं म्हणावं लागलं नाही, याचे आभार मला जास्त मानायचे आहेत.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. १९८९ साली वडिलांनी आईला आणि मला आजोळी पोचवलं, ते पुन्हा न्यायला आले नाहीत. मी चौथीत होते. घटस्फोट झाला नाही, आईने पोटगीही मागितली नाही. अंगणवाडीत मदतनीस म्हणून राबून तिने मला डी.एड. केलं. २००१ साली माझ्या लग्नाला वडील आले नाहीत, २०१२ साली आई गेली तेव्हाही नाहीत. २०१९ मध्ये ते गेल्याचं कळलं आणि मी दहाव्याला गेले. तेरावं झाल्यावर चुलत भावाने मृत्युपत्राची झेरॉक्स दाखवली: सहा एकर शेत, गावातलं घर, बँकेतली ठेव, सगळं त्याच्या नावे. शेवटच्या आजारपणात त्याने आणि वहिनीने वडिलांचं सगळं केलं होतं, हे मी तेव्हाही नाकारलं नाही, आजही नाकारत नाही. झेरॉक्सच्या पाठोपाठ त्याने हक्कसोडपत्राचा मसुदा पुढे केला. साडीचोळी करू, म्हणाला.

तालुका विधी सेवा समितीच्या खोलीत तुम्ही हे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवलेत आणि पहिलाच प्रश्न विचारलात, “मृत्युपत्राने सगळं मिळत असेल, तर यांना तुमची सही कशाला हवी?” इतक्या माणसांना मी ते कागद दाखवले होते. हे कुणालाच सुचलं नव्हतं.

मी कोर्ट फीसाठी बांगड्या मोडायच्या तयारीने आले होते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२, यानुसार बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो आणि १ ऑक्टोबर १९९४ च्या शासन अधिसूचनेप्रमाणे महाराष्ट्रात मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझा विश्वास बसेना. मी शिक्षिका आहे, रोज पेपर वाचते, तरी मला हे ठाऊक नव्हतं. म्हणून इथे मुद्दाम लिहिते. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी विधी सेवेची माहिती मिळते.

मग तुम्ही जे बोललात ते ऐकायला जड होतं. बापाने लेकीला वगळलं, एवढ्यावरून मृत्युपत्र रद्द होत नाही. हिंदू माणसाला स्वतःची मिळकत मृत्युपत्राने हव्या त्या माणसाला देता येते, आणि मृत्युपत्र करतातच मुळी वारसांचा नेहमीचा क्रम बदलायला. मृत्युपत्रातलं ते वाक्य मी तुमच्यासमोर पुन्हा वाचलं, ‘मुलीचे व माझे कित्येक वर्षांपासून काहीएक संबंध राहिलेले नाहीत, सबब तिला माझे मिळकतीत काही देत नाही.’ तुम्ही पाण्याचा ग्लास पुढे सरकवलात आणि म्हणालात, “हे कायद्याने चालतं. तुम्हाला ते पटलं पाहिजे असं नाही.” सांत्वन करायला खूप जण आले होते, पण इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं.

सोपी वाट समोर होती. नात्यातल्या एकांनी आधीच एक वकील गाठून दिला होता, त्यांचा सल्ला ठरलेला होता: सही खोटी म्हणायचं, दवाखान्याचे कागद काढायचे, डोक्यावर परिणाम झाला होता असं लिहायचं. तुम्ही त्या वाटेने जायच्या आधी एकेक गोष्ट तपासलीत. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली वेंकटाचल अय्यंगार यांच्या प्रकरणात सांगितलंय की मृत्युपत्राभोवती संशय घेण्याजोगं काही असेल, तर ते पुढे आणणाऱ्यानेच तो संशय फेडायचा. सही कापरी आहे का, ज्याला लाभ झाला त्यानेच कागद लिहून घेतला का, साक्षीदार त्याच्या घरचे आहेत का, त्या दिवशी वडील कुठे होते, हे सगळं तुम्ही पाहिलंत. बँकेतल्या सह्या मृत्युपत्रावरच्या सहीला लावून पाहिल्यात. आणि मला म्हणालात, “ते शुद्धीवर होते. आपण खोटं लिहायचं नाही.”

तरी चुलतभावाला ते मृत्युपत्र कोर्टात शाबित, म्हणजे खरं असल्याचं सिद्ध, करावं लागलंच. नोंदणी झालेली असली तरी दोन साक्षीदारांपैकी निदान एकाने येऊन सांगावं लागतं. गावातले निवृत्त गुरुजी आले. उलटतपासात तुम्ही आवाज चढवला नाहीत. सही कुणी केली, कागद वाचून कुणी दाखवला, एवढंच विचारलंत. गुरुजी म्हणाले, “त्यांनी स्वतःच वाचला. चष्मा पुसून दोनदा वाचला, मग सही केली.” तुम्ही “आणखी काही विचारायचं नाही” म्हणून खाली बसलात. वडिलांनी ते वाक्य दोनदा वाचलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. बाहेर व्हरांड्यात तुम्ही पुढच्या पक्षकाराला थांबवून माझ्याशेजारी बाकावर येऊन बसलात, काही न बोलता. ते मी विसरणार नाही.

खरी लढाई तुम्ही दुसरीकडे मांडली होती. मृत्युपत्र खरं असेल, पण त्यात दिलेलं सगळं वडिलांचं एकट्याचं होतं का? वकील नसलेल्यांना हे कळावं म्हणून माझ्या भाषेत सांगते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर बापाकडून नुसत्या वारसाहक्काने आलेली जमीन मुलाची स्वतःची धरली जाते. पण त्याआधीपासून एकत्र कुटुंबात खाली आलेली जमीन वडिलोपार्जित, तिच्यात जन्माने हक्क येतो. आमची जमीन यातल्या कोणत्या बाजूला पडते यावर माझं सगळं अवलंबून होतं. चुलतभावाची कैफियत अशी, की जमीन वडिलांना मिळाली आणि त्यांचीच झाली.

सातबाऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. तुम्ही मला तहसीलच्या रेकॉर्ड रूमला पाठवलंत, गाव नमुना ६ चे जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी, काढायला. १९४३ चा फेरफार निघाला तो मोडी लिपीत. तुम्हीच मोडी वाचणाऱ्या एका आजोबांचा पत्ता दिलात. त्यांनी भिंग धरून ओळीवर बोट फिरवलं आणि वाचलं: पणजोबा मयत, आणि थोरले म्हणून आजोबांचं नाव, त्यापुढे ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. आजोबांनी ती जमीन सगळ्या कुटुंबासाठी सांभाळली होती. पुढे १९७४ चा वाटपाचा फेरफार सापडला, त्यात काका आणि वडील वेगळे झाले आणि सहा एकर वडिलांच्या वाट्याला आले. कागद हातात घेऊन तुम्ही हसलात, तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की हे होईल.

पुढचं भराभर झालं असं नाही. करोनात तारखा नुसत्या पुढे जात राहिल्या. दरम्यान जमीन विकली जाऊ नये म्हणून तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, दुय्यम निबंधकाकडे लिस पेंडन्सची, म्हणजे जमिनीवर दावा चालू असल्याची, नोटीस, तलाठ्याकडे फेरफारावर हरकत, सगळं तुम्ही वेळेत केलंत. फेरफार त्याच्या नावाने मंजूर झाला त्या दिवशी मी खचले होते. महसुली नोंदीने मालकी ठरत नाही, हे तुम्ही फोनवर तीनतीनदा समजावलंत. समोरच्यांनी ‘लग्न होऊन गेलेली मुलगी’ हा मुद्दा काढला, त्यावर तुम्ही विनीता शर्मा प्रकरणाचा सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२० चा निकाल पुढे ठेवलात: वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मिळालेला हक्क जन्माने आहे, मुलासारखाच.

निकाल २०२४ मध्ये लागला. मृत्युपत्र शाबित, पण शेतात वडिलांच्या अर्ध्या हिश्श्यापुरतंच. शेतात अर्धा हिस्सा माझा. घर आणि ठेव त्यांची स्वकष्टाची, ती चुलतभावाला गेली. ते तसंच व्हायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. वडिलांना जे त्याला द्यायचं होतं ते त्याला मिळालं, आणि जे त्यांचं नव्हतंच ते माझ्याकडे राहिलं. निकालपत्रात वडिलांबद्दल एकही वाकडा शब्द नाही. माझी मुलगी मोठी होऊन ते वाचेल तेव्हा तिला आजोबांची लाज वाटणार नाही.

मृत्युपत्रातलं वाक्य अजून टोचतं. ते कुठल्याही हुकूमनाम्याने पुसलं जाणारं नाही आणि तुम्हीही तसं कधी सांगितलं नव्हतंत. पण गेल्या दिवाळीत वहिनीचा फोन आला, मुलांना घेऊन या म्हणाली. आम्ही गेलो. आम्ही त्यांच्यावर खोटं काही लिहिलं असतं, तर तो फोन आला नसता.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, समितीकडून मिळतात म्हणालात. त्याऐवजी पुढच्या कायदेविषयक शिबिरात बायकांसमोर बोला म्हणालात. बोलेन. जुने फेरफार कसे काढायचे ते आधी सांगेन.

हुकूमनामा वाटपासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलाय, तिथून तहसीलला येईल. मोजणीची नोटीस आली की कळवते. १९४३ च्या फेरफाराची नक्कल आणि मोडीचं लिप्यंतर तुमच्या फायलीसाठी वेगळं काढून ठेवलंय. सोमवारी शाळा सुटल्यावर आणून देते.

आपली कृतज्ञ,
एक पक्षकार
सातारा जिल्हा