एचएसजीआधी दोन शब्द तरी सांगा

महोदय,

मूल होत नाही म्हटलं की तपासण्या आधी बाईच्याच. परवा धाकट्या जावेच्या एचएसजीला सोबत गेले होते. पाळीच्या साधारण ६व्या ते १०व्या दिवसात ही तपासणी करतात. गर्भाशयात बारीक नळीने औषध सोडायचं आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत का, ते एक्स-रेवर पाहायचं. क्षयामुळेही नलिका बंद होतात, त्यामुळे तपासणी मोलाची, याबद्दल वाद नाही. पण कळा येतील, विचारून वेदनाशामक गोळी आधी घ्या, एवढंही तिला कुणी सांगितलं नाही. बाहेर आली ती भिंतीला धरून, खालचा ओठ दातांत दाबून. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी? ती अजून व्हायचीच होती! इतकी साधी, बिनत्रासाची तपासणी आधी का नाही?

– एक वाचक, सातारा