‘तूच लिहून आण, मी सही करतो’

मा. संपादक,
स. न.

परदेशी शिक्षणाच्या मेळाव्यांच्या जाहिराती आपल्या अंकात पुन्हा दिसू लागल्या आहेत. त्या मेळाव्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही. मी एकतीस वर्षं नागपूरच्या एका महाविद्यालयात फिजिक्स शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं एक चूक बिनदिक्कत केली. ती सांगण्यासाठी हे पत्र.

परदेशात अर्ज करणाऱ्या मुलांना तीन शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात. मुलं त्याला एलओआर म्हणतात. मुलगा दारात दिसला की मी म्हणायचो, “तूच लिहून आण, मी सही करतो.” स्टाफरूममध्ये सगळेच असं म्हणत. यात काही वावगं आहे असं कधी वाटलं नाही. डिसेंबरात हिवाळी परीक्षा, प्रॅक्टिकल, पेपर तपासणी, त्यात अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सचे अर्धे रस्ते बंद. पत्र लिहीत कोण बसणार? मुलांनाही ते बरं वाटे. एजन्सीवाल्यांकडून तयार नमुना मिळतोच, नाव तेवढं बदलायचं.

मग एमएस्सीची एक विद्यार्थिनी आली. वडील एसटीत कंडक्टर, गणेशपेठ डेपोला. तिला अमेरिकेत पीएचडी करायची होती आणि त्यामागचा तिचा हिशेब चोख होता. तिथल्या एमएसची फी बहुधा आपल्याच खिशातून जाते. सायन्सच्या पीएचडीला मात्र बहुतेक ठिकाणी फी माफ असते, वर खर्चाला दरमहा पैसे मिळतात. बदल्यात बीएस्सीच्या पोरांच्या लॅब घ्यायच्या किंवा प्राध्यापकाच्या संशोधनात राबायचं. म्हणजे विद्यापीठच पाच-सहा वर्षं पोसणार. घरावर कर्ज काढायचं म्हटलं तर घर भाड्याचं, त्यामुळे तिला दुसरी वाटच नव्हती.

पण जे पोसणार ते पारखून घेणारच. आपल्याकडचे बहात्तर टक्के म्हणजे फार की थोडे, हे तिकडच्या माणसाला काय कळणार? जीआरई ही तिकडची प्रवेशपरीक्षा तर कोविडनंतर कित्येक विभागांनी ऐच्छिक केली किंवा बंदच केली. मग मुलीला ओळखणाऱ्या माणसाचा शब्द, एवढंच उरतं.

तो शब्द तिनं स्वतःच लिहिला. तिन्ही पत्रं तिचीच, सह्या आम्हा तिघांच्या. पाच ठिकाणी अर्ज गेले, फीपोटी पस्तीस हजारांच्या आसपास. मार्च संपेपर्यंत पाचही नकार आले. नंतर मी माझ्या नावाचं पत्र काढून वाचलं. सिन्सियर, हार्डवर्किंग, बेअर्स अ गुड मॉरल कॅरेक्टर. बोनाफाईड सर्टिफिकेटचा मजकूर! इतर दोघांच्या पत्रांत शब्द थोडे मागेपुढे, एवढाच फरक.

एक गोष्ट मला तोवर ठाऊकच नव्हती. पत्र पाठवायची लिंक शिक्षकाच्या ईमेलवर थेट येते ती विद्यार्थ्यानं पत्र पाहू नये म्हणून. ‘हे पत्र वाचण्याचा हक्क मी सोडतो’ या चौकटीत बहुतेक मुलं आधीच खूण करतात. जे तिनं वाचायचंही नाही, ते आम्ही तिच्याचकडून लिहून घेत होतो.

दुसऱ्या वर्षी ती पुन्हा आली, तेव्हा म्हटलं, प्रॅक्टिकलची वही घेऊन ये. वहीत मायकेलसन इंटरफेरोमीटरनं प्रकाशाची तरंगलांबी मोजायचा प्रयोग होता. सोडियमचा पिवळा दिवा, स्क्रू अगदी हळू फिरवायचा आणि सरकणाऱ्या उजेड-अंधाराच्या पट्ट्या मोजायच्या. शंभर पट्ट्या सरकतात तेव्हा आरसा मिलिमीटरचा जेमतेम 0.03 इतका हलतो. एप्रिलमधलं नागपूर, खिडकीत कूलर धडधडतोय, टेबल थरथरतंय, पट्ट्या नाचताहेत. अशा वेळी मुलं काय करतात ते सांगतो. सोडियमचं उत्तर 5890 अँगस्ट्रॉमच्या आसपास यायला हवं हे सगळ्यांना पाठ असतं, त्यामुळे वहीत ते बरोब्बर येतं. हिनं लिहिलं होतं : ‘कूलर चालू, पट्ट्या स्थिर नाहीत, रीडिंग रद्द.’ दुसऱ्या दिवशी शिपायाकडून किल्ली घेऊन सकाळी साडेसहाला, कूलर बंद ठेवून तिनं पुन्हा रीडिंग घेतली. उत्तर आलं 5940. ते तसंच ठेवलं आणि खाली चूक कुठून आली असावी याच्या चार ओळी लिहिल्या.

त्यावर लाल पेननं गोल करून ‘रिपीट’ असं लिहिलेलं होतं. अक्षर माझंच.

हे सगळं मी पत्रात लिहिलं, माझ्या ‘रिपीट’सकट. दीड पान व्हायला चार संध्याकाळी लागल्या. इंग्रजी काही फार भारी नव्हतं. अंतिम तारीख तिकडची 15 डिसेंबर, रात्री 11.59, म्हणजे आपल्याकडे 16 तारखेची सकाळ, 10.29. मी नऊ वाजता बटण दाबलं आणि मग चहा घेतला.

या वेळी चार नकार आले आणि एका ठिकाणी प्रवेश मिळाला. पण ‘आर्थिक मदतीचं नंतर कळवू’. हे नंतर म्हणजे कधी, ते आम्हाला तिथेच शिकलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं समजावलं. आर्थिक मदतीसह बोलावलेल्या मुलांना उत्तर द्यायला 15 एप्रिलपर्यंत मुदत असते, तिकडच्या बहुतेक विद्यापीठांनी ते आपसांत ठरवलेलं आहे. कोणी दुसरीकडे गेलं की त्याची जागा आणि पैसे खालच्याला मिळू शकतात. तिला 18 तारखेला मेल आली. माझ्या पत्रानंच हे झालं असं मी म्हणणार नाही. तिनं आपला एसओपीही, म्हणजे काय शिकायचं आणि का हे सांगणारा अर्जातला निबंध, नव्यानं लिहिला होता.

दीक्षाभूमीच्या या शहरात, बाबासाहेब 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले हे शाळकरी पोरही सांगेल. पण 1916 मध्ये ते लंडनला निघाले तेव्हा कोलंबियाच्या प्रा. सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या प्रा. फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिलं होतं, हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मलाच ते झोंबलं असतं.

माझ्या व्यवसायबंधूंना विनंती एवढीच, की निदान एक पान स्वतः लिहा. वेळ नसेल तर मुलाला ऑक्टोबरातच स्पष्ट नाही म्हणा, म्हणजे तो दुसरा दरवाजा ठोठावेल. हे पत्र आताच छापावं, डिसेंबरात त्याचा उपयोग नाही.

यंदा माझ्याकडे दोघं आलेत. त्यातला एक पत्र टाइप करूनच घेऊन आला होता. “सर, तुम्ही फक्त सही करून द्या नं,” म्हणाला. कागद ठेवून घेतला आणि रविवारी वही घेऊन यायला सांगितलंय.

– एक निवृत्त प्राध्यापक, प्रतापनगर, नागपूर
(विद्यार्थिनी ओळखू येऊ नये म्हणून कृपया माझं नाव छापू नये.)